नेपाळच्या डोंगरातली दवाखान्याची भट्टी आणि ऑटोक्लेव्ह, दोन हिवाळे वापरून लिहिलेला रिव्ह्यू

मी नर्स आहे, आणि नेपाळच्या मधल्या डोंगराळ भागात एका छोट्या हॉस्पिटलमध्ये दोन वर्षं इन्फेक्शन कंट्रोल बघत होते. हॉस्पिटलचं नाव देत नाही, लोक चांगले आहेत आणि ज्या चुका लिहितेय त्यातल्या काही माझ्यासुद्धा आहेत. उंची साधारण २,४०० मीटर, रस्ता पावसाळ्यात कधीही बंद, वीज बऱ्यापैकी. तिथे दवाखान्याचा कचरा जाळायची विटांची भट्टी वापरली, देणगीत आलेलं डिझेलचं मशीन वापरलं, आणि शेवटी ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं भांडं, वापरला. या तिन्हीबद्दल खरेदी करणाऱ्याला उपयोगी पडेल असं मराठीत मला काहीच सापडलं नव्हतं म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी एक समजून घ्या की तिथे आपल्यासारखी गाडी येत नाही. आपल्याकडे पिवळी पिशवी लाल पिशवी भरून ठेवली की कॉमन फॅसिलिटीची, म्हणजे सगळ्या हॉस्पिटलांचा कचरा एकत्र संपवणाऱ्या केंद्राची, गाडी येऊन घेऊन जाते आणि आपला विषय संपतो. डोंगरात जिथे निर्माण झाला तिथेच कचरा संपवावा लागतो, आणि कायदाही तेच म्हणतो, नेपाळच्या २०११ च्या घनकचरा कायद्यात घातक कचऱ्याची जबाबदारी तो तयार करणाऱ्यावरच टाकलीय. म्हणजे सुई तुम्ही टोचलीत तर तिचं शेवटपर्यंत तुम्हीच बघायचं.

विटांची भट्टी

ही जगभर डी मॉन्टफोर्ट इन्सिनरेटर म्हणून ओळखली जाते. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी मॉन्टफोर्ट युनिव्हर्सिटीतल्या प्रोफेसर जिम पिकेन यांनी ती गरीब देशांसाठी डिझाईन केली, गावातल्या गवंड्याला बांधता यावी अशी. दोन कप्पे असतात, पहिल्यात कचरा जळतो आणि त्याचा धूर दुसऱ्यात जाऊन पुन्हा जळतो, वर उंच धुराडं. लहान मॉडेलला तासाला साधारण १२ किलो कचरा जाळता येतो. मोटर नाही, पंखा नाही, बिघडायला तसं काही नाही, आणि म्हणूनच ती सगळ्यांना आवडते. आम्हालाही आवडली होती.

कागदावर सगळं बरोबर आहे. पण ही भट्टी तापवायची असते हे बांधणारे सांगतात आणि वापरणारे विसरतात. लाकडं घालून अर्धा तास तरी नुसती पेटवायची, विटा आतून लाल दिसायला लागल्या की मग कचरा थोडा थोडा टाकायचा, मध्ये मध्ये लाकूड चालू ठेवायचं आणि शेवटीही काही वेळ नुसतं लाकूड जाळायचं. आमच्याकडे लाकूड बाईमाणसं जंगलातून डोक्याच्या नाम्लोवर, म्हणजे कपाळपट्टीवर, वाहून आणायच्या. पावसाळ्यात ते ओलं. मग काय होणार, भट्टीवाले दाइ (नेपाळीत दाइ म्हणजे दादा, आपली सुईण नव्हे) लाकूड वाचवायचे. दहा मिनिटं पेटवून लगेच सगळा कचरा एकदम आत. त्यांची काहीच चूक नाही, त्यांना लाकूड मोजून मिळायचं आणि कोणी कधी शिकवलंच नव्हतं की का तापवायचं.

मी जॉईन झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सकाळी राखेचं दार उघडून बघितलं. वरवर राख, आणि खाली हात घालायच्या आधीच दाइंनी माझा हात धरला. सळईने उकरलं तर खाली काचेचा एक ढेकूळ, हिरवट, वितळून गोठलेला, त्यातून सुया बाहेर आलेल्या साळिंदराच्या काट्यासारख्या, काळ्या पडलेल्या पण टोक शाबूत. बाजूला एक व्हायल होती जिच्या लेबलवरचं अर्धं औषधाचं नाव अजून वाचता येत होतं. कागदाचं लेबल जळलं नाही म्हणजे आत टेंपरेचर किती असेल ते तुम्हीच बघा. आणि ही राख मागच्या उतारावर टाकली जात होती, तिथूनच पायवाट जात होती, मुलं अनवाणी जात होती. त्या दिवशी मला जे वाटलं ते अजून विसरता येत नाही.

तर भट्टीबद्दल पहिली गोष्ट, सुया तिच्यात संपत नाहीत. पोलाद तिच्या आवाक्यातलं नाहीच. जंतू मरतात, जर नीट तापवली तर, पण टोचायचा धोका तसाच राहतो. राखेसाठी सिमेंटचा झाकण असलेला खड्डा भट्टीबरोबरच बांधला पाहिजे, नंतर बघू म्हटलं की तो कधीच बांधला जात नाही.

दुसरी गोष्ट धूर. डब्ल्यूएचओ सांगते की इन्सिनरेटर ८५० ते ११०० अंशाला चालला पाहिजे आणि धूर साफ करायची यंत्रणाही पाहिजे, तरच डायॉक्सिन आणि फ्युरान आटोक्यात राहतात. विटांच्या भट्टीत अगदी मन लावून चालवली तरी हे गणित जमत नाही, आणि धूर साफ करायचं तर तिच्यात काहीच नाही. डायॉक्सिन हे कॅन्सर करणारं आणि शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षं साठून राहणारं विष आहे, गवतावर पडतं, म्हशीच्या दुधात येतं, आणि धूर थंड होताना साधारण २०० ते ४५० अंशाच्या मधे ते नव्याने तयारही होतं. त्याला क्लोरीन लागतं. आता आमच्या कचऱ्यात क्लोरीन कुठून येतं ते मी शोधत बसले. सिरिंज पॉलिप्रॉपिलीनची असते, तिच्यात क्लोरीन नाही. पण ब्लड बॅग, युरिन बॅग, बऱ्याचशा नळ्या या पीव्हीसीच्या, म्हणजे क्लोरीन असलेल्या प्लास्टिकच्या, आणि वर आम्ही काय करत होतो तर सगळा कचरा आधी ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून मग जाळत होतो, डबल सेफ्टी म्हणून! म्हणजे क्लोरीन आम्हीच ओतून देत होतो. हे मी दुसऱ्याच दिवशी बंद केलं, त्याला एक पैसाही लागला नाही.

तिसरी गोष्ट डोंगराची, जी मैदानातल्या कुठल्याच माहितीपत्रकात नसते. २,४०० मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळजवळ एक पंचमांश विरळ असते, त्यामुळे तेवढ्याच हवेत ऑक्सिजन कमी आणि धुराड्याची ओढही कमी. आणि हिवाळ्यात सकाळी थंड हवा दरीत खाली बसून राहते, वर गरम हवेचं झाकण, धूर वर जातच नाही. आडवा पसरतो. आमची भट्टी हॉस्पिटलच्या खालच्या अंगाला होती, बांधताना कोणाला तरी वाटलं असेल खाली आहे म्हणजे लांब आहे. पौष महिन्यात सकाळी आठला दाइ भट्टी पेटवायचे आणि साडेआठला तो धूर प्रसूती वॉर्डच्या खिडकीशी. आदल्या रात्री बाळंत झालेल्या बायका बाळाच्या तोंडावर शालीचं टोक धरून बसायच्या. मी वेळ बदलून दुपारी दोनची केली, ऊन पडून वारा वर वाहायला लागतो तेव्हाची, त्याने बराच फरक पडला. पण त्याच दरीत खाली गाव आहे, त्यांचं काय.

दाइ स्वतः बारा महिने खोकायचे. मास्क कापडाचा. टीबीची तपासणी दोनदा केली, निगेटिव्ह आली.

भट्टीला मी ५ पैकी २ देईन. वीजच नसेल, आणि साथीत किंवा लसीकरण मोहिमेत सिरिंजचे सेफ्टी बॉक्स साठून राहिले असतील तर उघड्या खड्ड्यात जाळण्यापेक्षा ही नक्कीच बरी. कायमची सोय म्हणून नाही. विटांच्या भेगा दर वर्षी बुजवाव्या लागतात, लोखंडी दार वाकतं, आणि साध्या विटा वापरल्या तर वर्षही टिकत नाहीत, उष्णता झेलणाऱ्या विटा काठमांडूहून आणाव्या लागल्या आणि शेवटचा टप्पा खेचरावर.

देणगीचं डिझेल मशीन

याच्याबद्दल थोडक्यात. परदेशातून आलेलं, दोन बर्नरचं, दिसायला एकदम भारी, उद्घाटनाला खादा (मानाचा पांढरा रेशमी पट्टा) घालून फोटो झाले. चांगलं चाललं तेव्हा धूर खरंच कमी होता, हे मान्य. पण डिझेल इतकं प्यायचं की महिन्याचं बजेट दहा दिवसात संपायचं, आणि उंचीमुळे बर्नरला हवेचं प्रमाण पुन्हा सेट करावं लागतं हे पाठवणाऱ्यांनी सांगितलंच नाही, तर पहिले काही आठवडे नुसती काजळी. मग एक इग्निशनचा पार्ट गेला. मेल केले, उत्तर आलं, पार्ट आला नाही. माझ्या दोन वर्षांत ते एकूण चार महिने चाललं असेल आणि नंतर त्याच्या शेडमध्ये बटाटे ठेवायला लागले. ५ पैकी १. कोणी फुकट देत असेल तर आधी विचारा डिझेल कोण देणार आणि रिपेअरला काठमांडूत कोण आहे, दोन्हीची उत्तरं लेखी घ्या.

ऑटोक्लेव्ह

आता माझ्या आवडीचा विषय. आयडिया नवीन नाहीच, ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायला आपण वाफ वापरतोच, तीच वाफ कचऱ्याला द्यायची. जाळायचं काहीच नाही. धूर नाही, राख नाही. आणि नेपाळसाठी हे जास्तच पटतं कारण तिथली वीज बहुतेक सगळी पाण्यावरची, नदीची. २०१६ च्या आधी हे बोलणंही शक्य नव्हतं, काठमांडूत हिवाळ्यात दिवसाचे पंधरा पंधरा तास लोडशेडिंग असायचं, नंतर ते झपाट्याने कमी झालं आणि तेव्हाचे वीज प्राधिकरणाचे प्रमुख कुलमान घिसिंग यांचं नाव तिथे चहाच्या टपरीवरसुद्धा आदराने घेतात ते त्यामुळेच.

आम्हाला हे सुचलं ते काठमांडूच्या वीर हॉस्पिटलमुळे. हे नेपाळचं सगळ्यात जुनं हॉस्पिटल, १८८९ सालचं, आणि तिथे २०१० पासून महेश नकर्मी आणि त्यांच्या हेल्थ केअर फाउंडेशनने जाळणं बंद करून वेगळी पद्धत बसवली. वॉर्डमध्येच कचरा वेगळा, सुया कटरने तोडायच्या, ऑटोक्लेव्ह करायचं, निर्जंतुक झालेलं प्लास्टिक आणि धातू भंगारवाल्याला विकायचं, उरलेल्या अन्नाचा बायोगॅस. मी रजेच्या दिवशी जाऊन बघून आले, नाकाला रुमाल लावायची तयारी करून गेले होते आणि लावावा लागला नाही. एवढं जुनं, एवढ्या गर्दीचं सरकारी हॉस्पिटल करू शकतं तर आमचं तीस खाटांचं का नाही, हा प्रश्न मी परत येऊन मीटिंगमध्ये विचारला आणि सहा महिने विचारत राहिले.

आमचा आला तो उभा, वरून झाकण आवळायचा, साध्या बनावटीचा. पहिल्या महिन्यात माझ्या हातून एक मोठी चूक झाली ती मुद्दाम लिहितेय कारण डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाकडून ती होणार. आपण सगळे पाठ करून आलेलो असतो, १५ पाउंड प्रेशर म्हणजे १२१ अंश. हे खरं आहे, पण समुद्रसपाटीला. प्रेशर गेज बाहेरच्या हवेच्या वरचं प्रेशर दाखवतो, आणि डोंगरात बाहेरची हवाच हलकी. आमच्या उंचीवर पाणी ९२ अंशाच्या आसपास उकळतं, म्हणून तर तिथे कुकरशिवाय डाळ शिजत नाही, हे मी रोज किचनमध्ये बघत होते आणि तरी डोक्यात आलं नाही. आमच्या गेजवर १५ पाउंड असताना आत जेमतेम ११६-११७ अंश होते. १२१ हवे असतील तर गेजवर जवळपास १९ पाउंड यायला पाहिजेत. ढोबळ हिशोब असा की दर ३०० मीटर चढलात की साधारण अर्धा पाउंड वाढवा.

कळलं कसं, तर स्पोअर टेस्टने. एक न मरणारा म्हणून प्रसिद्ध जंतू असतो, जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस, त्याची छोटी कुपी कचऱ्याच्या मधोमध ठेवायची, सायकल झाली की इन्क्युबेटरमध्ये ठेवायची, रंग बदलला म्हणजे जंतू जिवंत, म्हणजे तुमची सायकल फेल. आमची तीनदा ओळीने फेल गेली. पिशवीला एक टेप लावतात, तापली की तिच्यावर काळ्या रेघा उमटतात, त्या रेघा मात्र दर वेळी छान येत होत्या! टेप फक्त एवढंच सांगते की पिशवी गरम झाली. टेपवर विसंबू नका, प्लीज.

म्हणून घेताना नुसता प्रेशरचा नाही, टेंपरेचरचाही काटा असलेला घ्या, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह किती पाउंडाला उडतो ते विचारा. तो १८ ला उडत असेल तर तुमच्या उंचीला ते मशीन उपयोगाचं नाही, आणि मनाने व्हॉल्व्हचा नट आवळायचा विचारही करू नका, भांडं फुटतं. पिशव्यांची तोंडं उघडी ठेवायची, गच्च भरायचं नाही, सुरुवातीला वाफ भसाभस सुटू द्यायची म्हणजे आतली हवा निघून जाते, कारण हवेचा बुडबुडा अडकला की तिथे वाफ पोचत नाही. आम्ही १२१ ला पूर्ण एक तास ठेवायचो. त्यानंतर स्पोअर टेस्ट एकदाही फेल गेली नाही.

सुईसाठी हब कटर घ्याच. टेबलवर ठेवायचा, टोचून झालं की तिथेच सुई तुटून डब्यात. डबा तीन चतुर्थांश भरला की ऑटोक्लेव्ह आणि मग खड्ड्यात. वर काचेच्या ढेकळाचं लिहिलं ना, तो प्रकार यानंतर पुन्हा बघायला मिळाला नाही.

ऑटोक्लेव्हला काय जमत नाही तेही सांगते. मुदत संपलेली औषधं जमत नाहीत, कॅन्सरची औषधं तर अजिबात नाहीत, थर्मामीटर फुटून पारा सांडलेला कचरा कधीच आत घालू नका, वाफेबरोबर खोलीभर होईल. आणि वार (बाळंतपणात बाळामागून पडते ती). आमच्याकडे बाळंतपणं भरपूर, आमा नावाच्या कार्यक्रमात सरकार दवाखान्यात बाळंत झाल्यावर आईला पैसे देतं आणि हिमालयाच्या वरच्या भागात जास्त देतं, त्यामुळे बायका डोकोत, म्हणजे पाठीवरच्या बांबूच्या टोपलीत बसून, माणसांच्या पाठीवरून का होईना, येतात. वार जाळायची म्हणजे पाणीच जाळायचं, भट्टी थंड पडते, वास गावभर. त्यासाठी बंदिस्त खड्डाच बरा, वर सिमेंटचं झाकण आणि हवेचा पाईप, झऱ्यापासून लांब. काही घरचे सालनाल, म्हणजे ही वारच, मागून घेऊन जातात, आपल्या जागेत पुरायला, त्यांना द्यावी, मी कधी नाही म्हटलं नाही.

ऑटोक्लेव्ह ५ पैकी ४. एक कापला कारण वीज गेली की सायकल पहिल्यापासून, आणि झाकणाचं रबर लवकर जातं, दोन जास्तीची आधीच मागवून ठेवा.

पण खरं सांगू का, मशीन आणायच्या आधी सगळ्यात जास्त फरक पडला तो बादल्यांनी. हॉस्पिटलच्या कचऱ्यातला साधारण ८५ टक्के कचरा घरातल्यासारखाच असतो, डब्ल्यूएचओचाच आकडा आहे. कागद, खोके, भाताचं उरलेलं, संत्र्याची सालं. आमच्याकडे ते सगळं एकाच बादलीत, मग रक्ताची एक पट्टी पडली की सगळी बादली घातक. प्रत्येक खाटेजवळची बादली काढून ड्रेसिंग ट्रॉलीलाच तीन डबे लावले, नातेवाईकांसाठी दारात वेगळा. रिसेप्शनवरच्या दिदींनी चित्रं काढून चिकटवली कारण येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं. जाळायचा कचरा इतका कमी झाला की भट्टी रोजच्याऐवजी आठवड्यातून एकदा पेटायला लागली, ऑटोक्लेव्ह यायच्या आधीच. त्यामुळे कोणी मोठं मशीन विकायला आलं तर आधी महिनाभर वेगळं करून वजन करा, तुम्हाला कदाचित निम्म्या आकाराचं पुरेल.

मागच्या महिन्यात तिथल्या सिस्टरने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. ऑटोक्लेव्ह आता दाइ चालवतात. बाजूला खिळ्याला वही टांगलीय, तारीख, किती वाजता १२१ झालं, किती वाजता बंद केलं, सगळं त्यांच्या अक्षरात, आणि प्रेशरच्या काट्यावर १९ पाशी नेलपॉलिशची लाल रेघ. ती रेघ मी मारली होती, आणि सिस्टर म्हणाली पुसट झाली की ते दर वेळी तिच्याकडून नेलपॉलिश मागून घेतात.